कच्चे आहे तोवर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे अकरा मातीच्या वाडग्यांचे फोटो मिळाले. चाक विजेचे घ्यावे की पायाचे, भट्टीसाठी कर्ज काढावे का आणि या अकरांपैकी कोणते भाजायला द्यावेत, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. पहिले दोन तूर्त बाजूला ठेव. तिसऱ्याचे उत्तर असे, की एकही नको.

रागावू नकोस. दोन दिवसांच्या शिबिरात प्रत्येकाला एक भाजलेली वस्तू हाती देऊन घरी पाठवण्याची पद्धत पडली आहे, त्यामुळे भाजणे म्हणजेच काम पुरे होणे असा तुझा समज झाला, यात तुझा दोष नाही. पण मातीचा स्वभाव ओळख. कच्चे भांडे कितीही वाळले तरी पाण्यात टाकताच विरते आणि पुन्हा माती होते. भट्टी साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली, की मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती कोणत्याही पाण्याने मऊ होत नाही. जोर्वे आणि इनामगावच्या उत्खननांत तीन हजार वर्षांपूर्वीची खापरे मिळाली ती याच कारणाने. तुझा वाकडा वाडगाही तितकाच टिकेल, याचा विचार कर.

म्हणून कच्चे आहे तोवर मोड. वाडगा चाकावर असतानाच तारेने मधोमध उभा काप आणि दोन्ही अर्ध्या भागांच्या कडा पाहा. काठ कागदासारखा पातळ आणि बुडाशी अंगठ्याएवढी माती साचलेली, असेच चित्र तुला दिसेल. फोटोत सुबक वाटणारा तुझा तिसरा वाडगा हातात जड का लागतो, हे तेव्हा कळेल. ते तुकडे पूर्ण वाळू दे आणि मगच पाण्यात टाक, कारण वाळलेली माती काही मिनिटांत ढासळते, अर्धवट ओली मात्र तशीच गोळा होऊन बसते. तो चिखल प्लास्टरच्या लादीवर ओत, पाणी शोषले गेले की मळ आणि पुन्हा चाकावर बस. (वाळलेली माती झाडूने झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस, तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते.)

मी पहिल्या वर्षी केलेले सगळे भाजले. एका सामायिक भट्टीत जाड बुडाचा, आतून दमट राहिलेला माझा मग वाफेने फुटला आणि त्याच्या ठिकऱ्यांनी शेजारची सहा-सात भांडी गेली, तीही माझी नव्हेत. त्याहून वाईट म्हणजे जी वाचली ती अजून माझ्या माळ्यावर आहेत, आणि त्या सगळ्यांचे बूड एकसारखेच जाड आहे, कारण भाजलेले भांडे हाती आले की मी खूश होत असे आणि चूक पाहायचे राहून जाई. पुढे मी शिकवू लागलो तेव्हा पहिले सहा महिने कोणाचेही काही भाजणार नाही असा नियम केला. तिघे-चौघे सोडून गेले. मला हेकट म्हणाले, ते खरेही असेल, परंतु जे राहिले त्यांच्या वाडग्यांचे बूड एकदा हातात घेऊन बघ.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही गोष्ट तू ऐकली असशील. तेव्हापासून आपल्याकडे कच्चे म्हणजे कमीपणा. मला मात्र नेहमी वाटते, की कच्चे होते म्हणून तर नामदेवांना पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन शिकता आले.

चाक तासाच्या भाड्याने मिळते, तेवढे पुरे. कर्ज काढू नकोस. ते अकरा वाडगे वाळलेच असतील, तर ते आजच बादलीत टाक आणि पुढचे अकरा चाकावरच काप. पुढच्या पत्रासोबत वाडग्यांचे नव्हे, त्या कापलेल्या कडांचे फोटो पाठव.