आशियाई थाटाच्या कॅसिनोतली नोकरी: एजंटाला पैसे देण्याआधी

डिचोलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशात आशियाई थाटाचं एक नवं कॅसिनो रिसॉर्ट उघडणार आहे, तिथे डीलरची, म्हणजे जुगाराच्या टेबलावर खेळ चालवणाऱ्याची, नोकरी लावून देतो असं एका एजंटानं सांगितलं आणि ट्रेनिंगचे म्हणून दीड लाख मागितले. आई विचारते: असं रिसॉर्ट चालेल का? की मुलीनं मांडवीतल्या कॅसिनो बोटीवरच नोकरी धरावी? आणि पोरगी कॅसिनोत जाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमच्या पत्रात तोच सगळ्यात जड आहे. डीलरचं काम हे डोक्याचं काम आहे. रूलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, चेंडू थांबला की एका आकड्यावरच्या चिपला (पैशांऐवजी लावायच्या चकतीला) ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेषेवरच्या चिपला १७ पट, चार आकड्यांच्या कोपऱ्यावरच्या चिपला ८ पट पैसे द्यायचे असतात. एकाच आकड्याभोवती पाच-सहा जणांच्या चिपा असतात. कागद-पेन नाही, वर कॅमेरा आणि समोर चिडलेला गिऱ्हाईक. ज्या मुलीला हे जमतं तिला मी हुशारच म्हणेन. शिवाय १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे, आपली मुलं तिथे जातात ती कामालाच. लोक चार दिवस बोलतील. तुम्ही काळजी करायचीच तर रात्रपाळीची करा. पहाटे सुटल्यावर डिचोलीपर्यंत कंपनीची गाडी सोडते का, चतुर्थीला रजा मिळते का, हे नोकरी घेण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत.

आता रिसॉर्ट. लास वेगासमध्ये हाच प्रयोग दोनदा झालाय. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे लकी ड्रॅगन उघडलं. २०३ खोल्या, पाट्यांवर चिनी अक्षरं आधी आणि इंग्रजी नंतर, चिनी बोलणारे कर्मचारी, बॅकरा या पत्त्यांच्या खेळाची टेबलं. जानेवारी २०१८ मध्ये त्याचा कॅसिनो बंद पडला, म्हणजे सव्वा वर्षही टिकला नाही. त्याच वर्षी हॉटेललाही कुलूप लागलं. थाटात काही उणं नव्हतं. पण जागा मुख्य रस्त्यापासून आडबाजूला होती, आणि ज्या श्रीमंत आशियाई पाहुण्यावर सगळी भिस्त होती त्याच्यासाठी मोठ्या हॉटेलांनी बॅकराची दालनं, चिनी जेवण आणि त्याची भाषा बोलणारी माणसं कधीच तयार ठेवली होती. त्यानं उठून इथे का यावं? याचं उत्तर त्या कॅसिनोकडे नव्हतं, असं मला वाटतं.

दुसरं रिसॉर्ट्स वर्ल्ड. मलेशियाच्या गेंटिंग समूहाचं, जून २०२१ मध्ये उघडलेलं, ४३० कोटी डॉलर खर्चाचं, साडेतीन हजार खोल्यांचं. सुरुवातीच्या आराखड्यात चीनच्या भिंतीची प्रतिकृती आणि पांडासुद्धा होते. उघडेपर्यंत त्यांनी तो थाट बराच उतरवला आणि हिल्टनच्या नावाची तीन हॉटेलं एका छपराखाली आणली, म्हणजे कुठलाही पाहुणा चालेल असं घर केलं. ते आजही उभं आहे. म्हणून नवं घर कंदील-ड्रॅगन दाखवत आलं की मी एकच विचारते: पाहुणा कोण, आणि तो आज कुठे जातो? तुमच्या एजंटाला हे विचारून बघा. मकाव आणि सिंगापूर तर आहेतच, ऑगस्ट २०२५ पासून कोलंबोतही सिटी ऑफ ड्रीम्सचा मोठा कॅसिनो सुरू झालाय आणि त्याचा डोळा भारतीय पाहुण्यावर आहे. मांडवीतल्या बोटी ज्याच्यावर चालतात, तोच हा पाहुणा.

बोटींचंही सगळं निर्धास्त नाही. गोव्याच्या कायद्यानं पंचतारांकित हॉटेलात फक्त मशीनवरचा खेळ चालतो. टेबलं बोटीवरच. म्हणजे इथल्या डीलरची नोकरी बोटीच्या परवानगीला बांधलेली, आणि मांडवीत थांबायला सरकार वर्षानुवर्षं मुदतवाढच देत आलंय. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला.

एजंटाला मात्र एक रुपयाही देऊ नका. हे मी अगदी कळकळीनं सांगते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. त्यानं घ्यायच्या शुल्कालाही कायद्यानं मर्यादा आहे, आणि दीड लाख त्यात कुठेच बसत नाहीत. ‘ट्रेनिंग’ म्हटलं म्हणून ते बसायला लागत नाहीत. चांगल्या पगाराची नोकरी म्हणून गेलेली आपली मुलं म्यानमारच्या सीमेवरच्या ऑनलाइन फसवणुकीच्या तळांवर डांबली गेली. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

मग करावं काय? पदवी पूर्ण होऊ द्या. नंतर बोटीवर जायचं असेल तर जाऊ द्या, नावाजलेल्या घराचं ट्रेनिंग तिथेच मिळतं. पण मुलीचं गणित चांगलं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून टेबलापलीकडचं एक काम सुचवते. केज म्हणजे कॅसिनोची तिजोरी-खिडकी आणि त्यामागचं कम्प्लायन्स, म्हणजे पैशांचे कायदे पाळले जातात ना हे बघण्याचं काम. रिसॉर्ट्स वर्ल्डसारख्या बड्या घरालाही संशयास्पद पैशाकडे डोळेझाक केली म्हणून २०२५ मध्ये नेवाडा राज्याच्या (लास वेगास याच राज्यात) जुगार आयोगानं १ कोटी ५ लाख डॉलरचा दंड केला. आपल्याकडेही २००९ च्या दुरुस्तीपासून कॅसिनो मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली येतात: पाहुण्याची ओळख, मोठ्या रकमांची नोंद, संशय आला तर वर कळवणं. हे शिकलेल्या माणसाला बोट हलली, बंद पडली तरी बँकेत, विमा कंपनीत जागा असते. दोन-तीन वर्षं टेबलावर काढून अंतर्गत बदलीनं तिकडे सरकता येतं. मुलाखतीतच विचारावं की अशी बदली देता का.

आणि ताई, पत्र तुमचं आहे. एजंट काय म्हणाला, शेजारी काय म्हणतील, सगळं त्यात आहे, पण तिला लोकांसमोर उभं राहायला आवडतं की आकड्यांसोबत बसायला, ते नाही. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.