कम्युनिस्ट राजवटीत सिव्हिल कोड (मालमत्ता, करार, भरपाई अशा नागरी व्यवहारांचा एकत्र कायदा) लिहिताना विचारसरणीचा खरंच किती परिणाम झाला, की जुनाच कायदा नाव बदलून ठेवला?

दोन्ही झालं. मी मुख्यतः रशियाबद्दल लिहितो, कारण पहिला मोठा प्रयोग तिथेच झाला.

क्रांतीनंतर जमीन, बँका, मोठे कारखाने सरकारजमा झाले, एप्रिल 1918 मध्ये तर वारसाहक्कच रद्द केला. पण 1921 ला लेनिनने नवं आर्थिक धोरण आणलं, खासगी व्यापाराला परत परवानगी दिली, आणि व्यापार म्हटला की करार, कर्ज, गहाण यांचे नियम लागणारच. म्हणून घाईघाईत काही महिन्यांत कोड लिहिला, 1 जानेवारी 1923 पासून लागू झाला. इतक्या लवकर जमलं कारण झारच्या काळातला एक मसुदा तयार होता आणि जर्मन, स्विस कोडही समोर होते, त्यातून भरपूर उचललं. आणि तरी कोड लागू करणाऱ्या कायद्यात लिहिलं की याचा अर्थ जुन्या सरकारांच्या कायद्यांवरून किंवा जुन्या कोर्टांच्या निकालांवरून लावायचा नाही!

मग विचारसरणी कुठे दिसते? लेनिनने फेब्रुवारी 1922 मध्ये न्यायखात्याचे प्रमुख कुर्स्की यांना स्पष्ट लिहिलं होतं की अर्थव्यवस्थेत आपण ‘खासगी’ असं काही मानत नाही, खासगी करार रद्द करायचा सरकारचा अधिकार वाढवा. कलम 1 मध्ये ते उतरलं: हक्क त्याच्या सामाजिक-आर्थिक उद्देशाविरुद्ध वापरला तर कायद्याचं संरक्षण नाही. कलम 30 नुसार सरकारचं उघड नुकसान करणारा करार रद्द, आणि अशा करारातून मिळालेलं कुणालाच परत नाही, थेट सरकारी तिजोरीत. मला हे धोकादायक वाटतं कारण उद्देश काय आणि नुकसान कशाला म्हणायचं हे शेवटी सरकारचीच माणसं ठरवणार, सामान्य माणसाने कुणाच्या भरवशावर सही करायची?

पण सगळंच वाईट नव्हतं हेही सांगायला हवं. कोणी अगदी गरजेपोटी नाडला जाऊन करार केला असेल तर कोर्ट तो रद्द करू शकायचं (कलम 33). कलम 406 तर मला फार आवडतं, नुकसान करणारा कायद्याने जबाबदार नसला तरी दोघांची सांपत्तिक स्थिती बघून कोर्ट त्याला भरपाई द्यायला लावू शकत होतं, म्हणजे पैसेवाल्याच्या हातून गरीब मजूर जखमी झाला तर चूक कुणाची एवढ्यावरच विषय संपायचा नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा परिणाम दिसतो तो कोडमध्ये काय नाही त्यात. लग्न-कुटुंबाचा वेगळा कोड 1918 लाच केलेला, जमीन आणि कामगार यांचेही 1922 ला वेगळे कोड, कारण मजुरी म्हणजे विकायचा माल नाही आणि लग्न म्हणजे मालमत्तेचा व्यवहार नाही ही भूमिका. वारसाहक्क परत आणला पण 10,000 सुवर्ण रुबलपर्यंतच, ती मर्यादा 1926 ला गेली. पूर्व जर्मनीनेही 1976 पासून जुना कोड टाकून नवा आणला, त्यात मुख्यतः नागरिकांचे रोजचे व्यवहार, घरभाडं, खरेदी वगैरे, सरकारी उद्योगांच्या आपसातल्या करारांना वेगळा कायदा आणि कुटुंबालाही वेगळा.

चीनने मात्र 2020 च्या कोडमध्ये (1260 कलमं, 1 जानेवारी 2021 पासून लागू) लग्न आणि वारसा परत आत घेतले. जमीन अजूनही सरकारची किंवा गावच्या सामूहिक मालकीची. शहरात फ्लॅट तुमचा, खालच्या जमिनीचा फक्त वापराचा हक्क, आणि त्याची मुदत संपली की कलम 359 प्रमाणे तो आपोआप वाढतो.