रॉम : पुसता येणारी आणि न येणारी

प्रश्न : मोबाइलच्या खोक्यावर ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम’ असं छापलंय. रॉम म्हणजे फक्त वाचायची मेमरी, असं शाळेत पाठ केलं होतं. मग माझे फोटो तिथे कसे साठतात?

उत्तर : तुमचं पाठांतर बरोबर आहे, खोकं चुकीचं. ते १२८ जीबी म्हणजे फ्लॅश स्टोरेज, पेन ड्राइव्हच्याच जातीचं. रॅमला जोडी हवी म्हणून जाहिरातवाल्यांनी हे नाव चालवलं असावं, आणि आता ते रुळलंय.

खरी रॉमही फोनमध्ये असते, पण प्रोसेसरच्या पोटात आणि अगदी थोडी. तिला बूट रॉम म्हणतात. फोन सुरू होताना पहिल्या सूचना तिथून येतात आणि त्या चिप घडतानाच तिच्यात कोरल्या जातात. त्यात चूक राहिली तर राहिलीच. २०१९ साली आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनांच्या बूट रॉममधली अशी एक चूक उघड झाली. ती अपडेटने दुरुस्त होण्यासारखी नव्हती.

प्रश्न : वडिलांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानात २७१६ क्रमांकाची चिप सापडली. तिच्यावर काचेची खिडकी आहे आणि खिडकीवर चिकटपट्टी. पट्टी काढून आत बघू का?

उत्तर : आतला मजकूर हवा असेल तर नको. ही ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम. हिचा शोध इंटेलमधल्या डॉव्ह फ्रोमन यांचा, १९७१ सालचा. हिच्यातल्या प्रत्येक बिटसाठी, म्हणजे एक किंवा शून्यासाठी, एक इवलासा कप्पा असतो, चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने बंद केलेला. जास्त व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन कोंडतात आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. अतिनील किरण पडले की मात्र निसटतात, म्हणजे मजकूर पुसला जातो. साधी काच हे किरण अडवते, म्हणून ती खिडकी क्वार्ट्झची असते. खास दिव्याखाली वीसेक मिनिटांत चिप कोरी होते, थेट उन्हात साधारण आठवड्यात. ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षं लागतात, म्हणून ती पट्टी. एवढा जपून ठेवायचा तो मजकूर किती, तर २ किलोबाइट!

तुमच्या फोनमधली फ्लॅश हिचीच नात. इलेक्ट्रॉन कोंडायची युक्ती तीच, फक्त पुसायला किरणांऐवजी वीज वापरतात आणि एका फटक्यात अख्खा ब्लॉक पुसला जातो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, म्हणून हे नाव. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली.

प्रश्न : रोज सकाळी कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलेलं असतं. दुरुस्तीवाला म्हणतो, बायोस गेला, मदरबोर्ड बदला.

उत्तर : आधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटण सेल बदला. घड्याळ आणि सेटिंग त्याच्यावर चालतात. बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्रॅम. तो फ्लॅशमध्ये असतो, त्याला सेल लागत नाही.

प्रश्न : अपोलो यानांच्या कॉम्प्युटरची मेमरी हाताने विणलेली होती, हे खरं का?

उत्तर : अगदी खरं. मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका ती विणत. तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द (इथे शब्द म्हणजे बिटांचा ठरावीक गट). चूक सापडली तर वीण उसवायची, त्यामुळे उड्डाणाच्या कितीतरी आधी प्रोग्रॅम पक्का करावा लागे.

१९७१ साली अपोलो १४ चंद्राभोवती फिरत असताना, उतरणं रद्द करायचं बटण आपोआपच इशारे देऊ लागलं. विणलेला प्रोग्रॅम तर बदलता येत नव्हता. तेव्हा एमआयटी या अमेरिकी संस्थेतले प्रोग्रॅमर डॉन आइल्स यांनी पृथ्वीवर बसून आडवाट शोधली : कॉम्प्युटरच्या पुसता येणाऱ्या २,०४८ शब्दांच्या मेमरीत थोडे आकडे बदलायचे, म्हणजे तो त्या बटणाकडे लक्षच देणार नाही. अंतराळवीरांनी ते आकडे कीपॅडवर दाबले आणि यान उतरलं.