गॅस गिझर घरीच उघडावा का?

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात खाडीकाठी आहे. दोन खोल्या पर्यटकांना देतो. न्हाणीघरात लावलेला गॅस गिझर गणपतीपासून पेटत नाही. नळ सोडला की चटचट आवाज येतो, ज्योत मात्र लागत नाही. मेकॅनिक चिपळूणहून येतो. आज येतो, उद्या येतो करत चार दिवस घालवतो आणि नुसतं येण्याचे पाचशे घेतो. माझा भाचा आयटीआय झालाय. तो म्हणतो, "मावशी, चार स्क्रू तर आहेत, मी व्हिडिओ बघून उघडतो." त्याला उघडू द्यावं का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, झाकण उघडू देऊ नका. मेकॅनिकला बोलवायच्या आधी मात्र दोन-तीन गोष्टी करून बघा, कारण गेली सत्तावीस वर्षं मी रत्नागिरीत हेच काम करतोय आणि 'गिझर बिघडला' म्हणून आलेल्या कितीतरी फोनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

गिझरमध्ये पाणी जोरात आलं की आतला रबरी पडदा ढकलला जातो, त्याने एक छोटा स्विच दाबला जातो, मग ठिणगी पडते आणि गॅसचा वॉल्व्ह उघडतो. तुमच्याकडे चटचट होतंय, म्हणजे पाण्याचा दाब पुरेसा आहे. पण सेल उतरत आले की ठिणगीपुरता जोर राहतो आणि वॉल्व्ह उघडायला कमी पडतो. म्हणून आधी खालच्या डबीतले दोन्ही मोठे सेल एकदम बदला, एक जुना एक नवा नको. डबीतल्या पत्र्या बघा. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने पावसाळ्यात त्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसा. नुकतंच सिलिंडर बदललं असेल तर नळीत हवा असते. खिडकी-दार उघडं ठेवून, मध्ये अर्धा मिनिट थांबत, तीन-चार वेळा नळ सोडा. गॅसचा वास आला तर मात्र तिथेच थांबा.

पुढे कधी चटचट आवाजच बंद झाला, तर थंड पाणी आत शिरतं तिथली जाळी काढा. आधी रेग्युलेटर आणि पाण्याचा कॉक बंद करा. विहिरीच्या पाण्याबरोबर आलेली तांबडी माती त्या जाळीत बसते. जुन्या टूथब्रशने धुतली की झालं. हे सगळं तुमच्या भाच्याने खुशाल करावं. नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासणं, केशरी नळीवर छापलेली तारीख बघून पाच वर्षांच्या आत ती बदलून घेणं, उंदराने कुरतडलीय का बघणं, हेही घरच्यांनीच करायचं. काडी पेटवून गळती बघणारी माणसं मला अजून भेटतात. तसं कधीच करू नका.

बर्नर, जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोटी) आणि गॅसचा वॉल्व्ह यांना मात्र हात लावायचा नाही. का, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात दापोलीकडच्या एका घरी गेलो होतो. तिथल्या मुलाने झाकण उघडून जेटची भोकं शिवणाच्या सुईने साफ केली होती. जेट पितळेचं असतं, भोक केसाएवढं. सुई फिरवली की ते मोठं होतं, गॅस जास्त येतो आणि हवा पुरत नाही. ज्योत निळीची पिवळी झाली. पाणी आधीपेक्षा कढत यायला लागलं, म्हणून घरातले खूश होते. पाचव्या दिवशी सून आंघोळीला गेली. सासूबाईंना तांब्या पडल्याचा आवाज आला, हाका मारल्या तर ओ नाही. दार खांद्याने फोडून तिला पडवीत आणलं. पोरगी वाचली, पण दोन दिवस ऑक्सिजनवर होती. मी झाकण काढलं तर आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर चुलीवरच्या भांड्यासारखी काजळी. तो मुलगा माझ्यासमोर भिंतीला टेकून खाली बसला. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि जळल्यावर उरत नाही. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक' हे चूक आहे. आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले, तर नळ बंद करून तसंच बाहेर यायचं.

आपल्या आजीच्या न्हाणीत हंडा चुलीवर असायचा, खाली नारळाची सोडणं आणि झावळ्या जळायच्या. धूर डोळ्यांत जायचा, पण कौलांच्या फटींतून निघूनही जायचा. आताच्या न्हाणीघराला वरपर्यंत टाइल्स आणि सरकती काच. थंडीत पाहुणे ती घट्ट लावून घेतात, आणि आत काय जळतंय ते त्यांना ठाऊक नसतं.

म्हणून ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'न्हाणीघरात लावलेला गिझर' हे. सेल बदलून तो पेटला तरी तिथे चालवू नका, पाहुण्यांना तर नकोच. मेकॅनिक येईल तेव्हा त्याच्याकडून तो बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या, आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ दे. जागा पूर्वेच्या बाजूची निवडा, पावसाळी वारा समुद्राकडून येतो आणि ज्योत विझवतो. छपराखाली, पण पागोळीचं पाणी उडणार नाही इतका आत. कधी गळती वाटलीच तर रेग्युलेटर बंद, दारं उघडी, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर अंगणात जाऊन १९०६ ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत मोरीपाशी साचतो.

भाच्याला हात चालवायचाच आहे ना, मग त्याला छिन्नी-हातोडा द्या. न्हाणीघराच्या चिऱ्याच्या भिंतीत वर एक आणि खाली एक, वीतभर झरोका पाडून घ्या आणि जाळी बसवा. काच लावायची नाही.