लेक ज्वालामुखीवर, आई गडगडाटावर

प्रश्न : सर, माझी लेक न्यूझीलंडात ऑकलंडला असते. नातू फोनवर घरामागची टेकडी दाखवतो. माउंट ईडन म्हणे. वर मोठा खड्डा. तो ज्वालामुखी आहे आणि शहरात असे पन्नासेक आहेत, हे ऐकल्यापासून झोप नाही. इकडं आमच्या गावातही जमिनीतून गडगडाट होतो. आपल्याखालीही तसलंच काही आहे का?
— एक आजी, वसमत तालुका

उत्तर : आजी, आधी नातवाची टेकडी. ती फुटली त्याला सुमारे 28 हजार वर्षं झाली. तिथले बहुतेक ज्वालामुखी एकदाच फुटतात आणि कायमचे गप्प होतात. पोराला वर खुशाल फिरू द्या. फक्त खड्ड्यात उतरू नको म्हणावं, माओरी लोकांची ती पवित्र जागा आहे.

घोर आहे तो पुढच्याचा. तिथं अशी 53 तोंडं मोजलीत. सगळ्यात धाकटं रंगितोतो, जेमतेम 600 वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलं. पुढचं कुणाच्या अंगणातही उघडेल. त्यामुळं एका डोंगरावर पाळत ठेवून भागत नाही, 17 लाखांच्या अख्ख्या शहराखाली कान लावावा लागतो. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, 70-80 किलोमीटर खालून निघतो आणि वर येताना खडक तडकवतो. ते बारीक हादरे भूकंपमापकांनी टिपायचे. पण वर गाड्यांची थरथर! वरातीच्या बँडात कुणी कानात कुजबुजावं, तशी गत. म्हणून काही यंत्रं बोअर मारून खोल सोडलीत. तळ्यांच्या तळाचा गाळ नळीनं उपसून जुन्या राखेचे थरही मोजतात. इशारा मिळेल तो काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा.

आता वसमत. आपल्याखाली शिलारस नाही. आमच्या वडिलांनी विहीर खोदली तेव्हा आधी काळा पाषाण लागला, मग गेरूसारखा तांबडा पट्टा, खाली पुन्हा पाषाण. मजूर म्हणाले, माती जळालीय. खरं तर एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत उन्हापावसात जे झिजलं, त्याचा तो पट्टा. हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आटोपलं.

तुमचा गडगडाट म्हणजे कमी खोलीवरचे छोटे भूकंप. मात्र ते थट्टेवारी नेऊ नका. 10 जुलै 2024 ला हिंगोली जिल्ह्यात 4.5 चा धक्का बसला, तो इथं नांदेडला माझ्या कपातल्या चहानंही सांगितला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. गळती नको म्हणून दरसाल माळवदावर मातीचा थर चढवायचा, तेही ओझं वर होतंच.

तेव्हा आजी, लेकीला फोन करण्याआधी एकदा स्वतःच्या माळवदावर चढा, म्हणजे कुणाला तरी चढवा. किती वीत माती साचलीय ते बघायला सांगा. आणि तुमची बाज एखाद्या फुगलेल्या भिंतीच्या कडेला असेल, तर आजच हलवा.