आत्मघातकी हल्लेखोर कसा घडतो?

प्रश्न : आत्मघातकी हल्ला करणारा माणूस मनोरुग्ण असतो की धर्मवेडाने पछाडलेला? स्वतःच्या जिवावर उदार होण्यापर्यंत तो कशामुळे पोचतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : श्रीलंकेतील एलटीटीईचे उदाहरण घेतले, तर आपली दोन्ही अनुमाने अपुरी पडतात. ‘ईलम’ म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या या संघटनेचे ध्येय धार्मिक नव्हते. तरीही ५ जुलै १९८७ रोजी जाफना भागातील नेल्लियडी येथे तिच्या ‘कॅप्टन मिलर’ने स्फोटकांनी भरलेला ट्रक एका विद्यालयातील लष्करी तळावर नेऊन आदळला आणि ‘ब्लॅक टायगर्स’ या आत्मघातकी पथकाची परंपरा सुरू झाली.

या पथकात जाण्यासाठी तरुण-तरुणी संघटनेचा प्रमुख प्रभाकरन याच्याकडे अर्ज करीत आणि त्यांतून निवड होई. मनाने खचलेला माणूस अशा कामाला चालत नाही. महिनोन्महिने गुप्तता पाळणारा आणि ऐनवेळी न डगमगणारा माणूस लागतो. राजीव गांधींच्या हत्येपूर्वी, ७ मे १९९१ रोजी, या कटातील मंडळींनी मद्रासमध्ये व्ही. पी. सिंग यांच्या सभेत रंगीत तालीम केली होती. २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूरला संघटनेची आत्मघातकी हल्लेखोर धनू चंदनाचा हार हातात धरून शांतपणे उभी असल्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. ते काढणारा छायाचित्रकार त्याच स्फोटात मेला, कॅमेरा तेवढा वाचला. ती पाया पडण्यासाठी वाकली आणि तिने स्फोट घडवला. राजीव गांधींबरोबर बंदोबस्तावरचे पोलिसही मारले गेले, हे या चर्चेत विसरता कामा नये.

तमिळमध्ये आत्महत्येला ‘तर्कोलै’ म्हणतात. संघटनेने तो शब्द टाळून ‘तर्कोडै’, म्हणजे स्वतःचे दान, हा शब्द रूढ केला. मला हा बदल फार भयंकर वाटतो, कारण एका अक्षराने खून करणारा दाता ठरतो आणि ज्यांचे प्राण गेले ते त्या शब्दात कुठेच उरत नाहीत. पुढे दरवर्षी २७ नोव्हेंबरला वीरांचे स्मरण होई. आपल्यालाही असा मान मिळेल, हे त्या तरुणाला आधीच ठाऊक असे.

१९८३ च्या जुलैमधील तमिळविरोधी हिंसाचाराचा संताप खराच होता. पण तो लाखो लोकांनी भोगला आणि त्यांपैकी मूठभरच या वाटेने गेले, कारण संतापाला शिस्त, सोबती आणि मृत्यूनंतरचा सन्मान पुरवणारी यंत्रणा त्यांच्याभोवती उभी होती. मे २००९ मध्ये ती यंत्रणा मोडली. तमिळांची अनेक गाऱ्हाणी तशीच राहिली, पण त्यानंतर ईलमच्या नावाने असा हल्ला झालेला नाही.