ब्राम्सचं 'जर्मन रेक्विएम' ऐकायला कुठून सुरुवात करावी?

ब्राम्स या जर्मन संगीतकाराचं हे रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, तुम्ही दोनदा लावलंत, दोन्ही वेळा २० मिनिटांत बंद केलंत, मग लोकांना यात एवढं काय सापडतं, असं तुम्ही विचारलंय. तर सव्वा तास सलग ऐकायचा हट्ट आधी सोडा. ओटो क्लेम्पेरर या संगीतसंचालकाने (कंडक्टरने) १९६१ मध्ये लंडनला फिलहार्मोनियाचा वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण लावा आणि फक्त दुसरा भाग ऐका. जेमतेम पाव तासाचा आहे.

चाल शवयात्रेची आहे, पण ठेका तीन मात्रांचा. पावलं दोन आणि मात्रा तीन, त्यामुळे चालणारा सतत अडखळल्यासारखा वाटतो. खाली टिंपनी (नगाऱ्यासारखं मोठं तालवाद्य) हळू धडधडत असते. गायकवृंद खालच्या स्वरात, सगळे मिळून एकच धून गातात : सगळा देह गवतासारखा. इथे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. थोड्याच वेळात तीच ओळ पूर्ण ताकदीने येते. क्लेम्पेरर तिथवर पोचायची अजिबात घाई करत नाही, म्हणून तर ती अंगावर येते.

मग मधेच सगळं निवळतं. धीर धरा, शेतकरी पावसाची वाट बघतो तसा, असे शब्द येतात आणि बासरी नि हार्प (तारा छेडून वाजवायचं उभं वाद्य) टपटप सूर टाकायला लागतात. पहिल्यांदा ऐकताना माझ्या हाती शब्द नव्हते, मला ती नुसती नक्षी वाटली. नंतर मराठी बायबलमधलं याकोबाचं पत्र, अध्याय ५ उघडून बसलो आणि ते पावसाचे थेंब आहेत हे कळलं. पावसाची वाट बघणारं घर ज्याने पाहिलंय, त्याला यापुढे काही समजावायला नको. पुन्हा शवयात्रा येते, पुन्हा गवत. आणि मग सगळा गायकवृंद एकच शब्द उंच उचलतो : 'आबर', म्हणजे 'पण'. त्या एका 'पण'साठी मी हा भाग कितीदा लावलाय!

शब्द समोर ठेवाच. नाव रेक्विएम असलं तरी हा लॅटिन मास, म्हणजे चर्चमधला ठरलेला लॅटिन प्रार्थनाविधी, नाही. मार्टिन ल्यूथरने जर्मनमध्ये भाषांतर केलेल्या बायबलमधली वचनं ब्राम्सने स्वतः निवडली, आणि त्यांचा रोख गेलेल्यांपेक्षा मागे राहिलेल्यांकडे आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी खर्जातला एकच सूर शेवटपर्यंत धरलेला असतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच सापडेल. १८६७ मध्ये व्हिएन्नातल्या कार्यक्रमात टिंपनीवाल्याने तो सूर इतका जोरात वाजवला की गाणं त्याखाली बुडून गेलं.

पाचवा भाग मात्र एकटे असताना ऐका. ब्राम्सची आई १८६५ मध्ये गेली, आणि १८६८ च्या ब्रेमेनच्या कार्यक्रमानंतर त्याने हा भाग जोडला. याच ध्वनिमुद्रणातली गायिका श्वार्त्सकोफ, तिचा आवाज वर तरंगत असतो आणि खालून गायकवृंद हलकेच म्हणत राहतो : आई जशी समजूत घालते, तशी मी तुमची घालीन.